उन्हाकडे तोंड करून

तुमच्या घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईचं तोंड आतून तुम्ही कधी पाहिलं आहे का?

चेहरा नाही म्हणत मी. चेहरा तुम्ही रोज बघता. तोंड म्हणते आहे. जिभेखाली, गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या मागे. जिच्या हातचं खाऊन तुम्ही वाढलात, ती स्वतः कोणत्या बाजूने चावते आणि कोणत्या बाजूने चावायचं टाळते? आमटी झणझणीत झाली की तिच्या डोळ्यांत पाणी येतं, ते नुसत्या तिखटाचं असतं का? ठाऊक नसेल तर रागावू नका. आमच्याही घरात ते कुणाला ठाऊक नव्हतं. आम्हाला ते एका पौष महिन्याने शिकवलं.

परवा पुन्हा पौष लागला. सकाळी कॉलेजला जाताना तळवलीच्या फाट्यावर रिक्षा थांबली आणि कुठल्याशा घरातून तो वास आला. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली जाते तेव्हा येतो तो. नाकात शिरतो, घशात उतरतो आणि माणसाला खोकायला लावतो. रिक्षावाल्याने तोंडावर रुमाल धरला. मी धरला नाही. त्या वासासोबत माझ्याकडे एकदम कितीतरी गोष्टी आल्या. ओट्यावरचं कोवळं ऊन आलं, बाबांचा दाढीचा आरसा आला आणि हिराकाकीचा डावा गाल आला.

मी पत्रकांवर वाढले. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात होते आणि युनियनचं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे होतं. कोपरखैरण्याच्या आमच्या बैठ्या घरात जेवणाच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. त्याचा रूळ फिरवायला मला आवडायचं. शाईचा वास आमच्या पोळ्यांनाही यायचा. उरलेल्या पत्रकांची माझ्या पुस्तकांना कव्हरं घातली जायची, त्यामुळे माझ्या गणिताच्या पुस्तकावर ‘कामगार बंधूंनो, जागे व्हा!’ असं असायचं आणि आमचे गुरुजी ते वाचून दर वेळी दचकायचे. उद्गारचिन्ह हे विरामचिन्ह आहे, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं प्रत्येक वाक्य तसंच संपतं.

आई तळवली गावात बालवाडी चालवायची. गाव जुनं, आगरी लोकांचं. भोवतीची बरीचशी शेतं नव्या शहरात गेलेली, उरलेल्या तुकड्यांवर अजून भात निघायचं. बालवाडीची खोली हिराकाकीच्या ओट्याला लागून होती. माझी शाळा दुपारची, म्हणून सकाळी मी आईबरोबर जायची आणि पोरांना गाणी म्हणून दाखवायची. हिराकाकी विधवा, पन्नाशीची, उंच, मोठ्या आवाजाची. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालतात ते लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणत, आणि ते धवले म्हणते ती धवलारीण. भटजी उशिरा आला तर गाव थांबत नसे, हिराकाकी आली नाही तर थांबत असे. तिच्याकडे वही नव्हती, पुस्तक नव्हतं. सगळं तिच्या तोंडात होतं.

आणि त्याच तोंडात दिवसभर मिश्री असायची.

त्या वर्षी मार्गशीर्षात आईने आणि बाबांनी मिळून एक पत्रक काढलं. ‘तंबाखूला नाही म्हणा!’ वर उद्गारचिन्ह, खाली उद्गारचिन्ह. एका संध्याकाळी गावाच्या समाजमंदिरात बायकांची सभा झाली. आई चांगलं बोलली. तोंडाचा कर्करोग म्हणजे काय, तो कसा होतो, सगळं सांगितलं. बायका पदर सावरून शहाण्यासारख्या ऐकत होत्या. शेवटी आईने विचारलं, “मग, तंबाखू खाणार नाही अशी शपथ कोण कोण घेणार?”

सगळे हात वर गेले. एकही खाली राहिला नाही. आईचे डोळे भरून आले. बाबांनी मागे उभ्या उभ्या मुठी वळल्या, जणू संप यशस्वी झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बालवाडीत पोचलो, तर हिराकाकीच्या ओट्यावर नेहमीची मैफल भरलेली. मधे चुलीवर तवा. बोटं काळी, ओठ फुगलेले.

आई उभीच राहिली. “अहो, काल तर सगळ्यांनी हात वर केले होते!”

“केले ना,” हिराकाकी म्हणाली. “तंबाखूला केले.”

“मग हे काय?”

“ही मिश्री हाय.”

“मिश्री कशाची करता तुम्ही?”

“तंबाखूची,” जनीबाय म्हणाली. जनीबाय म्हणजे हिराकाकीची शेजारीण, ठेंगणी, गोल, आणि गावभराच्या नकला करणारी. तिलाच आपल्या उत्तराचा जरा विचार पडला. मग तिने मान उडवली. “पन ती भाजलेली हाय ना!”

“आन आमी खातो कुटं?” दुसरी कुणीतरी म्हणाली. “दात घासतो. दात बी नाय घासायचं का आता?”

ओटा हसून लोळला. आईलाही हसू आलं, पण ते अर्ध्यावर थांबलं, हे मी पाहिलं.

त्या संध्याकाळी आई चुलीपुढे पत्रक घेऊन बसली. वरपासून खालपर्यंत वाचलं, उलटवलं, पुन्हा वाचलं. ‘मिश्री’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता. तळहातावर चोळून दाढेखाली धरणारा पुरुष होता, विडी ओढणारा होता, पान खाणारा होता. पहाटे उठून चुलीशी बोटाने हिरड्या घासणारी बाई नव्हती. खोटं कुणीच बोललं नव्हतं. बायकांनी अगदी प्रामाणिकपणे शपथ घेतली होती. त्यांच्याविषयी त्या पत्रकात काही लिहिलेलंच नव्हतं, तर त्यांनी स्वतःला त्यात कुठे शोधायचं?

मला आजही याचा संताप येतो, आणि तो बायकांवरचा नाही. आरोग्य शिकवणाऱ्या आपल्या सगळ्यांना एक मोठी खोड आहे. आपण आधी उत्तर छापतो आणि मग माणसं गोळा करतो. बाबांच्या कारखान्याच्या फाटकावर कवटीचं चित्र होतं, आणि शिफ्टची माणसं त्याच कवटीखाली सावली म्हणून उभी राहून तंबाखू मळायची. आमच्या वर्गात ‘तंबाखूचे दुष्परिणाम लिहा’ हा प्रश्न दर परीक्षेला यायचा. तळवलीच्या मुली तो घडाघडा लिहून पूर्ण गुण मिळवायच्या, आणि घरी गेल्यावर त्याच मुलींना मिश्रीसाठी तंबाखू आणायला दुकानात पिटाळलं जायचं. दोन्ही कामं त्या चोख करायच्या. शाळा एकीकडे, चूल एकीकडे. मधे पूल बांधायचं काम अभ्यासक्रमात नव्हतं.

“पत्रक सुधारून काढू,” बाबा म्हणाले. “मिश्री शब्द घालू. ठळक.”

“पत्रक राहू द्या,” आई म्हणाली. “तुमचा दाढीचा आरसा द्या.”

हिरव्या प्लॅस्टिकच्या चौकटीतला तो आरसा. त्यानंतर कित्येक आठवडे बाबांनी स्टीलच्या ताटात बघून दाढी केली. हनुवटीवर कापल्याच्या खुणा घेऊन ते कामावर जायचे आणि दोस्त विचारायचे, “काय साहेब, मॅनेजमेंटशी बोलणी झाली वाटतं?”

थंडीतलं ऊन त्या ओट्यावर तिरकं यायचं, भिंतीच्या मध्यापर्यंत चढायचं आणि मग सरकत सरकत जमिनीवर उतरायचं. आई जाऊन त्या उन्हात बसली. कुणाला काही सांगितलं नाही. आरसा जनीबायच्या हातात दिला आणि म्हणाली, “माझी मागची दाढ ठणकतेय. जरा ऊन पाडून बघता का, किडलीय का ते?” आणि तिने उन्हाकडे तोंड करून आ केला.

जनीबायने आरसा वाकडातिकडा धरला. उन्हाचा कवडसा आईच्या कपाळावर नाचला, नाकावरून घसरला आणि शेवटी तोंडात शिरला.

“बाई गो! तुजे तोंडान तं आख्खी खानावल हाय. सकाली चवली खाल्लीस ना?”

“दाढ बघा, दाढ!” आई आ केलेल्या तोंडानेच म्हणाली.

“दाढ चांगली हाय. चवली पन चांगली हाय.”

त्या दिवसापासून तो ओट्यावरचा खेळ झाला. आधी जनीबायने तोंड उघडलं, मग तिच्या जावेने, मग रस्त्याने जाणाऱ्या कुणी कुणी. हसताना तोंडावर पदर धरायची सवय असलेल्या बायका. उघड्या तोंडाने हसणं त्यांना लहानपणीच बंद केलेलं होतं. त्या आता उन्हात माना वर करून बसायच्या आणि एकमेकींच्या तोंडात डोकावायच्या. “अगो, तुजा दात कुटं गेला?” “सासूने मोजून ठेवलाय!” आपल्याच गालाची आतली बाजू आरशात बघून एकजण किंचाळली होती. नीट पाहिलं तर तो सुपारीचा तुकडा निघाला. तवा बाजूला तापतच असायचा, मिश्रीही चालूच असायची. आईने एकदाही ‘सोडा’ म्हटलं नाही. ती नुसती बघायला शिकवत होती. लाल काय, पांढरं काय, पुसल्यावर जातं काय आणि पुसूनही राहतं काय.

हिराकाकी सगळ्यात शेवटी बसली. “माजे तोंडान काय बगशील? गानी दिसतील,” ती म्हणाली. आईने ऊन तिच्या डाव्या गालात सोडलं आणि ते तिथेच थांबवलं.

आत एक पांढरा चट्टा होता. वाळलेल्या चुन्याच्या पोपड्यासारखा.

“चुना लागला असंल,” जनीबाय म्हणाली.

“ती कुटं चुना खाते,” जाऊ म्हणाली, आणि सगळ्या जवळ सरकल्या.

आईने बोटाला स्वच्छ फडकं गुंडाळून हलकेच पुसलं. चट्टा होता तिथेच राहिला. “दुखतं का?”

“दुखत नाय. तिखट लागलं का झोंबतं. बरे दिसांचा हाय तो.”

“डॉक्टरांना दाखवायला हवं, हिराताई.”

हिराकाकीने तोंड मिटलं. “माघान मनीषाचं लगीन हाय.” मनीषा ही तिची पुतणी, तिने अंगाखांद्यावर वाढवलेली. “डॉक्टर पयले तोंड कापील. मंग मनीषाला धवला कोन म्हनेल? तू म्हनशील?”

“कापतीलच असं नाही. आधी फक्त बघतील.”

“बगतील आन कापतील. मना म्हाईत हाय. गानं गेल्यावर मी ऱ्हायले काय आन नाय काय.”

आई समजावत राहिली. हिराकाकी ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी तापत गेलं. शेवटी ती म्हणाली, “बाई, येक सांग. तुजी आय मिश्री लावते?”

आई थबकली. “लावते.”

“तिचे तोंडान कवा बगलंस?”

आईने आरसा मांडीवर उलटा ठेवला.

“नाय ना? मंग मना कनाला शिकवतंस? जा, पयली तुजे आयचं तोंड बगून ये.”

हे रागाने म्हटलेलं होतं. पण आईने ते खरं मानलं. माझ्या आयुष्यात मी तत्त्व नावाची गोष्ट प्रत्यक्ष चालताना पाहिली ती तेव्हा. तिच्या हातात आरसा होता आणि ती मला घेऊन शनिवारी एसटीत बसली.

आजीचं गाव साताऱ्याकडचं. उसाची तोड चालू होती, रस्ताभर पाचट उडत होतं. आजी दारात धान्य निवडत होती. आईने पाणीसुद्धा घेतलं नाही. आजीला उचलून अंगणातल्या उन्हात बसवलं आणि म्हणाली, “आई, आ कर.”

“आता गं? बैल घेताना दात बघत्यात तसं काय बघतीस? इकायची हाय का मला?”

“आ कर म्हणते ना.”

आजीने तोंड उघडलं. मी आरसा धरला होता, म्हणून सगळं दिसलं. तीन दात, काळपट हिरड्या, गुलाबी टाळू. आईने गाल ओढून बघितला, जीभ वर करायला सांगितली, फडक्याने पुसलं. काही नव्हतं. कुठेच काही नव्हतं. आईने सोडलेला श्वास आरशावर धुकं होऊन बसला.

आजीने मात्र तोंड लगेच मिटलं नाही. मिटल्यावरही ती आईच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाळंतपणात पोट बघितलं. मोतीबिंदू झाला तवा डोळं बघितलं. पर माज्या तोंडात आजवर कुणी बघितलं न्हवतं गं.”

तिने मिश्री सोडली नाही, हेही सांगायला हवं. जाताना आईने विषय काढला तर म्हणाली, “सकाळच्या पारी तुमी कुणी असता का हितं? मग हिला सोडून मी कुणाशी बोलू?” या वाक्याला उत्तर देईल असं पत्रक मी अजून लिहू शकलेले नाही. तेव्हापासून आई दर महिन्याला गावी जायला लागली, एवढंच.

सोमवारी ओट्यावर हिराकाकीने मान वर न करता विचारलं, “बगलंस?”

“बघितलं.”

“काय निंगालं?”

“तीन दात. आणि माझ्यावरचा बराच राग.”

जनीबाय फिसकन हसली. हिराकाकीही हसली, पदर न लावता. मग बराच वेळ ती बोटाने ओट्याचं शेण उकरत राहिली. “पौष लागला. पौषान कायपन सुरू करत नाय आमी.”

“सुरू कुठे करतोय? नुसतं बघायला जातोय,” आई म्हणाली. “आणि पौषात लग्नं नाहीत. तुमच्या तोंडाला सुट्टी आहे. सुट्टीतच जाऊन येऊ.”

हा युक्तिवाद कुठल्याच आरोग्यपत्रकात सापडणार नाही. तो फक्त त्या ओट्यावरच जन्मू शकत होता, धवलारणीसमोर, पौषात. माझ्या मते खरं आरोग्यशिक्षण ते हेच. समोरच्या माणसाच्या पंचांगात बसेल असं शहाणपण शोधून काढायचं.

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात आई, हिराकाकी आणि जनीबाय गेल्या. शाळा बुडवून मीही. डॉक्टर तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं असलेली. तिने बॅटरीने गालात पाहिलं आणि एकच शब्द विचारला, “मिश्री?”

तिला तो शब्द माहीत होता! आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू परक्या गावात माहेरचं माणूस भेटलं.

डॉक्टरने तपासणीसाठी चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढला आणि एक टाका घातला. हिराकाकीने हूं की चूं केलं नाही. गालात बोळा धरून तिने विचारलं, “गाता येल ना?”

“काय गाता तुम्ही?”

“धवले. लगनाचे.”

“टाका भरेपर्यंत जरा दमानं घ्या. मग खुशाल गा,” डॉक्टर म्हणाली. “पण आजपासून मिश्री लावायची नाही. लावलीत तर पुढचं मी सांगू शकत नाही.”

निकाल यायला वेळ होता आणि मधे संक्रांत आली. आईने बालवाडीत हळदीकुंकू ठेवलं. विधवा, सवाष्ण, सगळ्यांना बोलावलं. त्यावरून दोन घरांनी नाक मुरडलं. आई म्हणाली, ज्यांना यायचं नसेल त्यांनी येऊ नये. वाण म्हणून तिने वाशीच्या बाजारातून आणलेले छोटे गोल आरसे दिले. तिळगूळ हिराकाकीच्या हातावर ठेवताना जनीबाय म्हणाली, “गोड बोल गो बाय, तुजे तोंडाला लय बगनारे झाले आता.” हिराकाकी हसली नाही. तिने तिळगूळ उजव्या गालात धरला. दोन दिवसांपासून ती गात तर नव्हतीच, बोलतही नव्हती. सगळं गाव तिच्या गालाविषयी विचार करत होतं. तीळ चावल्याचे आवाज तेवढे येत होते.

संक्रांतीच्या पाठोपाठ निकाल आला. रोग अजून झालेला नव्हता. पण चट्टा त्या वाटेवरचा होता. मिश्री सुटली तर तो कदाचित मागे फिरेल, न सुटली तर पुढे जाईल. दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. आईने हे सगळं ओट्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. हिराकाकीने कनवटीची मिश्रीची डबी काढली, जरा वेळ हातात धरली आणि चुलीत टाकली. पत्र्याची डबी काळी पडत गेली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

सोडणं असं एका क्षणात होत नसतं, हे मात्र पुढच्या दिवसांनी दाखवलं. तिचं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही. ती कावळ्यांवर ओरडायची, बालवाडीतल्या पोरांवर ओरडायची आणि मग त्यांना बोलावून बोरं द्यायची. गळा मोकळा करायला बसली तर सूर चिरायचा. “मिश्री लावल्याबिगर गला उघडत नाय,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “बरेपना घेऊन मी काय करू, गानंच ऱ्हायलं नाय तं?” आणि सगळ्यात वाईट तो वास. ओट्यावर तवा तापला की ती उठून आत जायची आणि दार लावून घ्यायची.

एका सकाळी जनीबायने तवा उचलला, राखेने घासून लख्ख केला आणि त्यावर ओवा आणि बडीशेप टाकली. “येकटी आत बसते ती. तिच्याबिगर इथं बसायचं तं घरीच बसू की,” ती म्हणाली. कुणालाही कर्करोगाची आकडेवारी पाठ नव्हती. मैत्रीण दाराआड गेली होती, एवढं त्यांना दिसत होतं. भाजलेल्या ओव्याचा वास गल्लीत पसरला, तेव्हा दार उघडलं. कुटून केलेल्या त्या पुडीची चव भयंकर होती. “गुरांच्या दव्यासारखी हाय,” असं म्हणत म्हणत सगळ्यांनी ती हिरड्यांना लावली. सगळ्यांची मिश्री सुटली असं मी म्हणणार नाही. काहींची बोटं पदराखाली काळीच होती. पण ओट्यावर, हिराकाकीसमोर, कुणी ती काढली नाही.

माघात मनीषाचं लग्न आलं. हळदीच्या सकाळी मांडवात चूल मांडली, बायका गोल बसल्या, आणि हिराकाकी मधोमध. सगळे थांबले. तिने तोंड उघडलं, पहिला शब्द आला आणि तुटला. तिचा हात सवयीने कनवटीकडे गेला. डबीच्या जागी वाणाचा गोल आरसा होता. तो तिच्या मुठीत आला. तिने मूठ तशीच घट्ट धरली, डोळे मिटले आणि पुन्हा सुरुवात केली.

आवाज पूर्वीसारखा दणदणीत नव्हता. बारीक होता, कडेला थरथरत होता. तो वाकला की जनीबाय खालून धरायची, तिच्यामागे बाकीच्या. पण एक गोष्ट झाली, ती मांडवातल्या सगळ्यांच्या लक्षात आली. मी आजवर तिचे धवले कितीदा ऐकले होते, पण ओठाखाली काहीतरी धरून म्हटलेले. सूर यायचा, शब्द घोळात राहायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मला एकेक शब्द कळला. हळदीच्या अंगाने बसलेल्या मनीषालाही कळला असावा, कारण ती एका ओळीला हुंदका देऊन रडली. त्या ओळीत काय आहे हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

हिराकाकी आजही गाते. चट्टा पुसट झाला आहे, पुरता गेलेला नाही. दर पौषात, तोंडाला सुट्टी असते तेव्हा, ती दाखवायला जाते.

आणि मी परवा त्या फाट्यावर रिक्षात बसले होते. वास ओळखीचा होता, पण समोरच्या टपरीवरचं दृश्य नवं होतं. गुटख्याच्या चकचकीत पुड्यांच्या माळा, शाळेच्या फाटकासमोर, शाळेतल्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. मिश्रीला निदान चूल होती, तवा होता, ओट्यावरची माणसं होती. या पुडीला काहीच नाही. ती एकट्याने फाडायची आणि एकट्याने तोंडात रिकामी करायची. जे ती छापतात त्यांना आपली माणसं बरोबर माहीत आहेत. त्यांच्या पुडीवर प्रत्येकाला आपला शब्द सापडतो. आपल्या पत्रकात का सापडू नये? हा प्रश्न मी विचारत राहणार, टपऱ्यांपुढे, शाळांमध्ये, बाबांच्या कारखान्याच्या फाटकावर, अगदी उद्गारचिन्हासकट.

पण तुमच्याकडे आज मी एवढं मोठं काही मागत नाही.

उद्या सकाळी ऊन पडलं की घरातला एक आरसा घ्या. जिच्या तोंडात आजवर कुणी बघितलेलं नाही, तिला उन्हात आणून बसवा. उपदेश करू नका. आधी स्वतः आ करा, आरसा तिच्या हातात द्या, तिला तुमची खानावळ बघून हसू द्या. मग तिला म्हणा, आता तू. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, पंधरवडा उलटूनही न भरलेली जखम दिसली, तर लग्न, सण, परीक्षा काही मधे आणू नका, तिला घेऊन डॉक्टरकडे जा. काहीच दिसलं नाही, तर लगेच उठू नका. तिच्याजवळ बसा, आणि ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत तिला बोलू द्या.